पिवळं विमान, निळं झाकण

दादाचं विमान निळं होतं की पिवळं, यावरून त्या घरात महिनाभर रण माजलं होतं. तसं पाहिलं तर भांडायचं कारणच नव्हतं. बैठकीच्या भिंतीवर फोटो होता, फोटोत विमान होतं आणि विमान पिवळंधमक होतं. शेंबडं पोरही सांगेल. पण तरुणपणी त्याच विमानाचे नटबोल्ट पिळलेला दादा अंथरुणात उठून बसायचा नि म्हणायचा, "निळं होतं. माझ्या हातांना ठाऊक आहे."

"हातांना रंग कळतात होय?" वहिनी म्हणायच्या. "परवा चष्मा साखरेच्या डब्यात ठेवलात. त्याआधी सख्ख्या भावाला मेव्हणा म्हणालात. आणि आता विमान निळं!"

दादाचा विसरभोळेपणा वाढतोय, असं डॉक्टर म्हणाले तेव्हापासून घर त्याच्या चुका टिपायलाच बसलं होतं. हे दादालाही कळत होतं. एके सकाळी त्यानं धाकट्या बहिणीला जवळ बोलावलं. सगळं घर तिला आत्या म्हणे, दादा तेवढा ठमे म्हणायचा.

"ठमे, आपल्या विमानतळावर जुनी विमानं मांडलीत म्हणे. माझंही आहे त्यात. जा आणि फोटो काढून आण. पिवळं निघालं तर मी तोंड मिटतो. डोकं गेलं, असं कबूल करतो. पण आधी बघून तर ये."

आत्याला जावंसं वाटेना. कारण विमान पिवळंच होतं. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. आईबरोबर ती कुंपणाशी उभी होती, विमान उतरत होतं, मागच्या सीटवरून दादा हात हलवत होता, आणि उन्हात ते पिवळं अंग असं झळकत होतं की आईनं डोळ्यांवर पदर धरला होता. आता हा पुरावा आणून भावाच्या हातात द्यायचा, म्हणजे त्याच्याच वेडावर शिक्का मारायचा. पण नाही कसं म्हणणार?

दादाच्या मुलीनं, म्हणजे भाचीनं, गाडी काढली. विमानतळ कसला, गवताचं माळरान, एक पत्र्याची भलीमोठी शेड आणि वारा दाखवणारी फाटकी कापडी पिशवी. विमानांपेक्षा फोटो काढणारेच जास्त. एकेकाच्या गळ्यात हातभर लांबीच्या लेन्स.

"आत्या, या तोफांपुढे तुझी ही डबी!" भाची हसली.

"डबीतलाच हिंग वास मारतो बाई," आत्या म्हणाली. फोटो स्टुडिओत उभी हयात घालवलेली बाई ती, लेन्सच्या लांबीला थोडीच घाबरणार!

रांगेच्या टोकाला ते उभं होतं. दोन पंखांवर दोन पंख, शेपटीखाली इवलंसं चाक. आणि पिवळं. अगदी भिंतीवरच्या फोटोतल्यासारखं. आत्याला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. दादा हरला होता.

ऊन डोक्यावर होतं. अशा उन्हात फोटोत विमानाचं पोट काळंठिक्कर येतं, म्हणून ती शेडच्या सावलीत थांबली. तिथे कळकट डगला घातलेला मिस्त्री चहा पीत होता.

"आजी, आवडलं का आमचं पाखरू? तुकड्या-तुकड्यांत मिळालं होतं. तीन वर्षं घातली त्याच्यात."

"रंग छान जपलाय तुम्ही," आत्या म्हणाली.

"जपलाय कुठला! नवा दिलाय. खरवडलं तर खाली थरावर थर. करडा, निळा, चंदेरी. कुठला कधीचा, कोण सांगणार? मग ऑफिसात एक जुना रंगीत फोटो सापडला. म्हटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. त्याच्यावरून मारला पिवळा."

"रंगीत फोटो? त्या काळी?"

"या की, दाखवतो."

ऑफिसात कपाटावर फ्रेम होती. आत्यानं चष्मा पुसला, परत लावला. घरातल्या फोटोचीच ही जोडीची प्रत. विमान पिवळं, आणि आभाळाच्या कडेला गुलाबी झाक. ती झाक तिनं लगेच ओळखली. स्टुडिओचे मालक त्या गुलाबीवरून तिला किती ओरडायचे. "आभाळाला लाली कसली लावतेस? लग्न आहे का त्याचं?" तरी तिचा हात राहायचा नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोंवर कापसानं, ब्रशानं रंग चढवायचं काम तिचं, आणि ही गुलाबी झाक शहरात दुसऱ्या कुणाची नव्हती.

"जरा उलटी करा बरं फ्रेम."

मिस्त्रीनं खिळे वाकवून पुठ्ठा काढला. स्टुडिओत रिवाज होता. फोटो काढणारा पाठीमागे पेन्सिलीनं लिहून द्यायचा: 'कोट करडा, डोळे घारे.' मग रंगवणारीनं ते वाचून रंग लावायचे. या फोटोची पाठ कोरी होती. अगदी कोरी.

आणि मग तिला आठवलं. दादा तेव्हा बदलीवर दूर गेला होता. विचारायला कुणी नव्हतं. मालक म्हणाले होते, "लाव तुझ्या मनचा, गिऱ्हाईक खूश झाल्याशी कारण." ताटलीत पिवळा उरला होता.

मग कुंपण? मग तो पिवळा झळाळ, तो आईचा पदर? ते आधीचं की नंतरचं? का ते काही झालंच नव्हतं?

"आत्या, घाम फुटलाय तुला. बस इथे," भाची म्हणाली.

"मिस्त्री, रंग न दिलेली एखादी जागा राहिलीय का हो विमानात?"

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. मागच्या सीटमागे सामान ठेवायची खोबण होती. तिच्या छोट्या झाकणाची आतली बाजू तशीच सोडली होती, कुणाला दिसते? त्यानं झाकण उघडून धरलं. आत निळा होता. जुना, पोपडे धरलेला. झाकणाच्या कडीजवळ, जिथे बोटं घालून ओढायचं, तिथे तो घासून पार गेला होता.

आत्यानं बाहेरून एक फोटो काढला आणि झाकणाचा एक.

घरी आली तर दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"राहू दे ठमे," तो न वळताच म्हणाला. "तुझ्या वहिनीनं दुपारभर समजावलं. पिवळंच असणार. सगळे सांगतात म्हणजे असणारच."

"आधी हे बघ."

तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर झाकण मोठं करून दाखवलं. दादानं पाहिलं. मग त्यानं हवेत दोन बोटं वाकवली, कडी ओढल्यासारखी. "इथं अडकायचं," तो म्हणाला. "वर उचलून ओढावं लागे." आणि उठून बसला. "अगं ए, ऐकलंस का? निळं! माझं डोकं शाबूत आहे!"

वहिनी दारात आल्या. एकदा कॅमेरा पाहिला, एकदा भिंत पाहिली. "मग वन्सं, हे पिवळं आलं कुठून?"

आत्यानं सांगितलं. कोरी पाठ, ताटलीतला उरलेला रंग, सगळं. दादा हसता हसता खोकला.

"म्हणजे माझं विमान तूच बदललंस होय गं! आणि मला वेड्यात काढलं!" मग एकदम थांबून म्हणाला, "पण ठमे, तू नेहमी सांगतेस, ते उन्हात झळकायचं, आईनं पदर धरलेला... ते तर तू पाहिलं होतंस ना?"

"पाहिलं होतं."

"पिवळं?"

आत्या कॅमेरा पिशवीत घालू लागली. वहिनी हळूच म्हणाल्या, "आता डॉक्टरांकडे न्यायचं कुणाला, ते तरी ठरवा."

सगळे हसले. आत्याही हसली. मग चहा येईस्तोवर ती खुर्चीत मागे टेकली आणि डोळे मिटून मुद्दाम आठवू लागली. कुंपण आलं. आई आली. आता विमान निळं उतरायला हवं, तिनं मनाला बजावलं, निळं, निळं. वरून घरघर ऐकू आली, दादाचा हात हलला आणि विमान गवतावर टेकलं.

पिवळंधमक.