फुकटाची कदर

रोवणीच्या दिवसांत माणसानं एक तर चिखलात उतरावं, नाही तर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तोंड मिटून बसावं. भास्करला दोन्ही जमत नव्हतं. रायपूरच्या समता कॉलनीतून मोटरसायकलवर आलेला हा माणूस पांढरी पँट दुमडून धुऱ्यावर उभा होता आणि खाली धानाच्या बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, वाकलेल्या बायांच्या पाठींना अक्कल शिकवत होता.

सुजाता त्या रांगेत होती. भास्कर तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, तिचा भासरा. भासऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती. सांगायचं ते दुसऱ्याच्या तोंडून. पदर ओढून ती शेजारच्या कांताबाईला म्हणाली, "मावशी, त्याईले सांग ना, अभनपूरच्या कॉलेजात नाव घालायचा आज शेवटचा दिवस हाय. आत्ताच्या जीपनं जाते म्हणावं."

"ऐकलं का भास्करभैया? बहू कॉलेजात जाते म्हणते."

"ऐकलं." भास्कर हसला. "बारावी झाली, पोट्टी झाली, आता हेच राहिलं होतं! आन् थे सरकारी कॉलेज. पोरींले फी माफ. फुकट वाटलं का गर्दी होतेच. पण फुकटाची कदर नसते, कांताबाई. आमच्या निरंजनले पाहा, प्रायव्हेटमंदी हाय. पैसा मोजला का मन लागते."

मन किती लागलं ते साऱ्या पाऱ्याला, साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. नव्या राजधानीसाठी सरकारनं घेतलेल्या वावराचा पैसा पोराच्या कॉलेजात ओतला, आणि पोरगा दुसऱ्यांदा पहिल्याच वर्षाला बसला होता.

सुजाताची पोट्टी बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत निजली होती. तिला दूध पाजताना सुजाता पुस्तक गुडघ्यावर उघडून बसायची. पोट्टी दूध सोडून पानाला हात घालायची, आणि त्या इवल्या मुठीतून पान सोडवता सोडवता आईला हसू आवरायचं नाही.

"रोवणी होऊ दे," भास्कर म्हणाला. "पुढच्या साली पाहू म्हणा तिले."

कांताबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "फुकटाची कदर नसते म्हणता?"

"बिलकुल नसते."

"अवो बायांनो, ऐकलं काय? आपण तं सकाळपासून बिनकदरीचं काम करून राहिलो!"

रांगेत खसखस पिकली. भास्कर वरमला. "तुमचं येगळं. तुम्ही घरच्या."

"हव, घरच्या! चहाच्या टायमाले पाऱ्यातल्या, आन् वाकायच्या टायमाले घरच्या!"

या बाया मजुरीच्या नव्हत्या. आज मी तुझ्या बांधीत, उद्या तू माझ्या, असं त्यांचं आपसातलं होतं. भास्करच्या बांधीची फेड सुजाता करायची, पोट्टी घेऊन, एकेकीच्या चिखलात. भास्करला मात्र वाटायचं, बाया आपल्या वजनानं येतात.

सुजातानं हातातली रोपांची पेंढी पाण्यात ठेवली. पदर मागं सारला.

"दादा."

सगळे हात थांबले.

"मी ह्याईच्या बांधीत राबते, म्हणून ह्या तुमच्या बांधीत येतेत. उद्यापासून तुमच्या वाटची फेड मी करत नाही. निरंजनले पाठवा."

"निरंजनले? चिखलात?"

"पैसा मोजून शिकला हाय. थो मन लावून रोवीन."

ती धुऱ्यावर चढली. मागून कांताबाई निघाली, मग एकेक करत सगळ्या.

"अर्धी बांधी बाकी हाय!" भास्कर ओरडला. "रोपं सुकतीन!"

"मजूर आणा," कांताबाई म्हणाली. "पैसे मोजा. कदर होईन."

"गौतमले सांगतो मी! तुया नवऱ्यालेच सांगतो!"

"सांगा," सुजाता झोळी सोडवत म्हणाली. "कॉलेजाचं काढलं का 'दादाले इचार' असं थेच म्हणे. इचारलं."

पोट्टीला कडेवर घेऊन ती तशीच सडकेला लागली. अभनपूरला पोचली तेव्हा खिडकीतला बाबू आवराआवर करत होता. त्यानं तिच्या गुडघ्यांपर्यंत वाळलेला चिखल पाहिला, कडेवरचं लेकरू पाहिलं आणि नाक मुरडलं.

"पैर तो धोके आतीं, बहनजी."

"तब तक खिडकी बंद हो जाती," सुजाता म्हणाली. "नाम लिखो, भैया."