मी जिन्यावर चालत होते

मित्रांनो, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून त्याला टेकून उभी केलेली ही जुनी गाडी दिसते ना, ती मीच. सामान घेऊन जिना चढणारी गाडी. आता मला कुणी हलवतही नाही. असो.

माझा जन्म ताईच्या स्वयंपाकघरात झाला. तिच्या आईचे गुडघे पार कामातून गेले होते, घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्टचा पत्ता नाही. भाजीची पिशवी दर मजल्यावर खाली टेकवत, कठडा धरत आई वर यायची. ताईला ते बघवेना. तिनं माझ्या दोन्ही बाजूंना तीन-तीन लहान चाकं त्रिकोणात बसवली, आणि मी पायरीमागून पायरी चढू लागले.

"अगंबाई, ही तर माझ्याआधी घरी पोचेल!" आई म्हणाली. काय हरखले होते मी तेव्हा! एकच खोट होती. उतरताना माझा ब्रेक घसरायचा. "तेवढं जमलं की झालं," ताई म्हणायची.

ताईच्या धाकट्या भावानं नोकरी सोडली आणि माझ्यासारख्या गाड्या बनवायला दोघांनी एक खोली भाड्यानं घेऊन कंपनी काढली. मग पैसे लावणारे साहेब आले. माझ्याभोवती एक चक्कर मारून त्यांनी विचारलं, "हे बाहेर कुठं चाललंय का?"

मला वाटलं, अहो, मी चालते की, जिन्यावर! पण त्यांना म्हणायचं होतं, दुसऱ्या देशात खपलंय का.

"नसेल तर उगाच डोकं कशाला शिणवायचं? तिकडं घरपोच किराण्याचं ॲप जोरात आहे. तस्संच काढा."

"ताई, एकदा यात जम बसू दे, मग तुझी गाडी," भाऊ म्हणाला. ताईनं मला दारामागे उभं केलं.

ॲप हुबेहूब उतरलं, अगदी रंगासकट. पण मूळचं ॲप बैठ्या घरांच्या गावातलं. त्यात मजला विचारायची जागाच नव्हती, आणि इथं ती घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पोचवणारी माणसं सामान जिन्याखाली ठेवायची, 'पोचलं' असं बटण दाबायची आणि चालती व्हायची.

एकदा आईचंच सामान खाली राहिलं. ते आणायला ती उतरली, आणि पिशव्या घेऊन चढताना तिचा गुडघा असा दुखावला, की शेजाऱ्यांना तिला उचलून वर न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी ताई माझ्यापाशी येऊन नुसती उभी राहिली. मग संगणकावर जाऊन बसली. ग्राहकांच्या तक्रारींचा ढीग पडला होता.

ॲप अखेर बुडालं. परवा साहेब एक मोठं खोकं घेऊन आले.

"बाहेर नुसती धूम आहे याची! खोला, मापं घ्या, हुबेहूब करा."

आत जिना चढणारी गाडी होती. नवी कोरी, तीन-तीन चाकं त्रिकोणात. भाऊ खाली मान घालून मापं घेऊ लागला.

"साहेब, ही आपल्याकडे होती हो," ताई म्हणाली. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ब्रेक तेवढा राहिला होता."

"मग पुरा का नाही केलात?" साहेबांना खरंच नवल वाटलं होतं.



मी फार दमले आहे, मित्रांनो. रागावण्याचंही त्राण उरलेलं नाही. दुसऱ्याकडचं चांगलं जरूर घ्या. पण तुमच्या हातचं काही अर्धवट राहिलं असेल, तर आधी त्याच्यापाशी बसा. नवी गाडी होईल, तिचा ब्रेकही नीट लागेल. आई मात्र आता जिना उतरत नाही.