भिंतीत जाणारे टोक

बाकेतने ओली चटई उचलली, तसा कुंभार इपी चाकावरून अर्धवट उठला.

“राहू द्या बाईसाहेब. वारा लागला की तडकतात.”

“वाऱ्याला घाबरतोस की मला?”

चटईखाली मातीचे शंकू आडवे मांडले होते. असा शंकू थडग्याच्या दारावरच्या भिंतीत बसवायचा. निमुळते टोक आत जायचे आणि रुंद तोंडावरचा नावाचा ठसा बाहेर दिसायचा. तिचा नवरा हेपू धान्यकोठारांचा अधिकारी. त्याच्या नावाचे शंकू गेल्या पुराआधीच भाजून झाले होते. मग हे नवे कशाला, आणि तिच्या चोरून? अलीकडे तो घरी उशिरा यायचा. काही विचारले तर भाकरीचे तुकडे करत बसायचा, खायचा नाही.

तिने एक शंकू उजेडात धरला. ठशाच्या शेवटी बसलेल्या बाईचे चित्र होते. म्हणजे नाव बाईचे.

“त्या देवळातल्या गाणारणीचं ना? तामितचं?”

“मला कुठं वाचता येतं? ठसा साहेबांनी आणून दिला. कुणाला दाखवू नको म्हणाले.”

“दाखवण्यासारखं असतं तर लपवलं कशाला असतं!”

वाचता तिलाही येत नव्हते. पण कमरेच्या पिशवीत काजळाची कुपी होती, वडिलांनी लग्नात दिलेली, तिचे नाव कोरलेली. कुपी ठशाशेजारी धरून ती एकेक चिन्ह बोटाने पडताळू लागली. पक्षी. टोपली. भाकर.

तिचेच नाव होते.

“मेल्या, जीव घेतलास की माझा!” ती हसली.

इपी हसला नाही.

तिने पुन्हा ठशाकडे पाहिले. मग गळ्यातला ताईत, दगडी भुंगा, पुढे ओढला. त्याच्या पोटावर हेपूचे नाव कोरलेले होते. त्यातले एकही चिन्ह ठशात नव्हते.

“यांचं नाव कुठंय?”

“नाही.”

“म्हणजे तिथं मी एकटी? आणि हे कुठं निजणार, तिच्या शेजारी?”

इपी चाकावरची माती उगाच खरवडत राहिला.

“राजाची मर्जी गेली, म्हणून खजिनदारसाहेबांच्या थडग्यावर छिन्नीवाले आले होते. त्यांचं नाव दिसेल तिथून उडवलं. बायकोच्या नावाला हात नाही लावला. आपले साहेब खाली उभं राहून बघत होते. तिथनंच इकडं आले.”

खजिनदारानेच हेपूला कोठारांवर नेमले होते; पुढची पाळी त्याची. आणि नाव पुसलेल्या माणसाला मेल्यानंतरही कुठे जागा नसते, हे बाकेतला कुणी सांगायला नको होते.

तिने भुंग्याचा दोरा दातांनी तोडला. शंकूचे निमुळते टोक अजून मऊ होते. तिने भुंगा त्यात जोर लावून दाबला.

“अहो, तिथं कोण वाचणार? ते भिंतीत जातं.”

“म्हणून तर. दुसरा दे इकडं.” तिने हात पुढे केला. “आणि साहेबांना दाखवू नको.”