शेवटची पाच मिनिटं

सव्वीस वर्षांत माझी घंटा एकदाही चुकली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे बढाई म्हणूनच सांगतो, पण खरी आहे. शाळेसमोरचे दुकानदार माझ्या टोल्यावर घड्याळं लावायचे. जिन्याखाली पितळेची जाड थाळी टांगलेली, शेजारी खुंटीला लाकडी हातोडा. त्या हातोड्याला शिपाईमामाशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा शाळेचा अलिखित कायदा होता. शिपाईमामा म्हणजे मी, आणि कायदाही मीच केलेला.

दोन घंटांच्या मध्ये शिपायाला फार काम नसतं. कोणी बोलावलं तर जायचं, सूचनांची वही वर्गावर्गांतून फिरवायची, एरवी स्टुलावर बसून राहायचं. माझं स्टूल वरच्या मजल्यावर, दहावीच्या दाराबाहेर. तिथे वारा छान येतो, असं मी सगळ्यांना सांगत असे. वारा कसला येतोय डोंबलाचा! माझी शाळा सातवीत सुटली होती, आणि कान द्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

अशा रीतीने मी सगळे विषय शिकलो. घोटाळा एकच होता. घंटा वेळेवर द्यायची तर पाच मिनिटं आधी उठावं लागे. जिना उतरायचा, लांबलचक व्हरांडा ओलांडायचा, हातोडा घेऊन घड्याळाखाली उभं राहायचं. आणि शिक्षक मंडळींची खोड अशी की मुख्य गोष्ट नेमकी शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवायची.

त्यामुळे भूगोलातली माझी नदी डोंगरातून निघाली, मैदानात आली, वळणं घ्यायला लागली आणि तिथेच राहिली. विज्ञानाच्या सरांनी जळत्या मेणबत्तीवर काचेचा पेला पालथा घातला, 'आता नीट बघा हं' म्हणाले, आणि मी उठलो. गणितात तर दर वेळी 'समजा क्ष' म्हणून सुरुवात व्हायची. मी सव्वीस वर्षं समजत राहिलो. तो क्ष निघाला किती, ते कधी कानावर आलं नाही.

इतिहासाने मात्र माझ्या घरात भांडण लावलं. मी ऐकलेलं सगळं जेवताना बायकोला सांगत असे. एकदा असाच एका किल्ल्याचा वेढा सांगितला. बाहेर हजारोंचं सैन्य, आत बायकापोरं, कोठारात आठ दिवसांचं धान्य उरलेलं. बायकोचा घास हातातच राहिला.

"मग? पुढं काय झालं त्यांचं?"

"मग घंटा झाली," मी म्हणालो.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. अठरा वर्षं ती किल्ल्यातली माणसं आमच्या घरात उपाशी बसली होती. पोळीचा तुकडा ताटात टाकला की बायको म्हणायची, "तिकडे ती बिचारी आठ दिवसांच्या धान्यावर आहेत, आणि तुम्ही टाकताय!"

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी दहावीला बसलो. बढतीसाठी नव्हे, या वयात कसली बढती! नोकरीच्या कागदावर माझ्या नावापुढे 'शिक्षण : सातवी' असं लिहिलेलं होतं, आणि ते मला खोटं वाटायचं. एवढं सगळं डोक्यात असताना सातवी कशी? शाळेत कोणाला ताकास तूर लागू दिली नाही, दुसऱ्या शाळेत जाऊन परीक्षा दिली आणि सपाटून आपटलो. एखाद्या विषयात नव्हे, सगळ्या विषयांत, अठ्ठावीस ते बत्तीसच्या मध्ये. पास व्हायला पस्तीस लागतात. अगदी नापास होण्यातही माझा नेमकेपणा सुटला नव्हता.

सूनबाई छापखान्यात प्रुफं तपासते. जगातली कुठलीही चूक तिला माफ नाही, नवऱ्याची तर नाहीच. तिने माझ्या सरावाच्या वह्या मागितल्या, कानामागची लाल पेन्सिल काढली आणि एका बैठकीत सगळ्या वाचल्या. मी समोर बसून नखं चावत होतो.

"बाबा, अक्षर सुरेख आहे. चुका जवळजवळ नाहीत," ती म्हणाली. "पण एकाही उत्तराला शेवट नाही."

"असं कसं?"

"बघा ना. नदी समुद्रापर्यंत जातच नाही. गणितं शेवटच्या पायरीच्या आधी सोडलीत. तुम्ही शेवट का लिहीत नाही?"

मी वही उलटीपालटी केली. खरंच होतं. सव्वीस वर्षांच्या सवयीने हाताने जिथे कान उठले तिथेच पेन ठेवलं होतं.

"मला शेवट माहीतच नाहीत गं," मी म्हणालो. हे बोलताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुस्तकात असतात की!"

असतात. पण पुस्तक वाचताना मला सरांचा आवाज ऐकू यायचा, आणि तो थांबला की पुढची अक्षरं नुसतीच अक्षरं व्हायची. मला शेवट ऐकायलाच हवे होते. इथेच घोडं अडलं. शेवट ऐकायचा तर घंटा सोडायला हवी.

आता एक गोष्ट कबूल करतो. मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांच्या कपाटात विजेची घंटा तीन वर्षं पडून होती, खोक्यातून न काढलेली. ती बसवायचा विषय निघाला की मी दोन दिवस तोंड पाडून फिरायचो आणि बाई विषय सोडून द्यायच्या. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मला तिच्याबद्दल वाटायचं. येण्याआधीच.

वह्या तपासल्यानंतरच्या सोमवारी मी बाईंच्या खोलीत गेलो. "बाई, ती घंटा बसवून टाका."

बाईंनी चष्मा काढला. "मामा, तब्येत बरी आहे ना?"

मग मी सगळं सांगितलं. वारा येत नाही हेसुद्धा. बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. म्हणाल्या, "स्टूल कशाला? वर्गात बाकावर बसा. आणि या वेळी फॉर्म आपल्या शाळेतून भरा."

मी बाकाला नाही म्हणालो. पण स्टूल उंबऱ्याच्या आत घेतलं.

पहिल्या दिवशी भूगोलाचा तास होता. पाच मिनिटं उरली तसे माझे पाय आपोआप उठायला लागले. मी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर नदी पुढे नेली. ती संथ झाली, गाळ टाकायला लागली, फाटे फुटले आणि समुद्राला मिळाली. मला भरून आलं. मग खाली ती विजेची घंटा कर्रर्र करून किंचाळली. तिच्यात काडीचा गोडवा नव्हता. पण नदी पोचली होती.

पुढे एकेक भिजत घोंगडं वाळत गेलं. मेणबत्ती विझते. क्ष सात निघाला. इतकी वर्षं मी त्याला फार मोठा कोणीतरी समजत होतो! आणि जानेवारीत इतिहासाच्या सरांनी तो किल्ला घेतला, या वेळी शेवटपर्यंत. घरी येऊन मी बायकोला एवढंच म्हणालो, "किल्ल्याचं काय झालं ते कळलं."

"काय झालं?"

"पास झालो की सांगीन."

चार दिवस तिने माझ्याशी बोलणं टाकलं. पण आता मला पास होण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

या वेळी परीक्षा आमच्याच शाळेत होती. माझ्या मागेपुढे आमचीच मुलं. इतिहासाच्या पेपरात शेवटचा प्रश्न पाहिला आणि घाम फुटला: वेढ्याचा. तो मी शेवटालाच ठेवला. कोठारात आठ दिवसांचं धान्य उरलं, इथवर लिहून झालं आणि डोक्यावरचा पंखा थांबला. लाईट गेली. शेवटची दहा मिनिटं उरल्याची घंटा व्हायला हवी होती. ती मला घड्याळाशिवाय कळते. झाली नाही.

दारात पावलं वाजली. मोठ्या बाई उभ्या होत्या, हातात माझा हातोडा. घाईघाईने त्या म्हणाल्या, "मामा, लाईट गेली, जरा घंटा..."

सव्वीस वर्षांची सवय त्यांनाही होतीच. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. माझे पाय उठले, अर्धे उठलेच. कोठारात आठ दिवसांचं धान्य होतं.

मी परत बसलो. "मोठ्या बाई," मी म्हणालो, "मी परीक्षार्थी आहे."

असं मोठ्या आवाजात मी आयुष्यात बोललो नव्हतो. बाई जागच्या जागी थांबल्या.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "लिहा तुम्ही. घंटा मी देते."

आणि त्या गेल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका, शिपायाची घंटा द्यायला. पहिला टोला थाळीच्या कडेवर बसला, दुसरा बहुतेक भिंतीवर. इतकी वाईट घंटा त्या थाळीने कधी ऐकली नसेल. मी मान वर केली नाही. मी शेवट लिहीत होतो.

निकाल लागला. एकसष्ट टक्के, इतिहासात अठ्ठ्याहत्तर. सूनबाईने गुणपत्रिका लाल पेन्सिल घेऊन दोनदा वाचली आणि पेन्सिल कानामागे ठेवून दिली. "एकही चूक नाही, बाबा," ती म्हणाली आणि माझ्या पाया पडली. माझी छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण तुटेल की काय, असं वाटलं.

बायको हात पुसत आली. गुणपत्रिकेकडे तिने बघितलंसुद्धा नाही. "पास झालात ना? मग सांगा."

मी तिला समोर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. घाई नव्हती, कुठे उठून जायचं नव्हतं. सैन्य आलं, दरवाजे बंद झाले, धान्य आठ दिवसांचं उरलं. आतल्यांनी ते मूठमूठ करून एकवीस दिवस पुरवलं. आणि बाविसाव्या दिवशी बाहेरच्या सैन्याचंच धान्य संपलं. वेढा उठला.

"आणि आतली?"

"वाचली. सगळी वाचली."

अठरा वर्षं जीव टांगणीला लावून बसलेल्या माझ्या बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "मला ठाऊकच होतं."