दोघींपुरती भाषा

मुलांनो, दोन्ही हात पाठीमागे घ्या बरं, आणि बोटं एकमेकांत घट्ट अडकवा. आता समजा, तुमच्या तोंडातून शब्द फुटत नाही, कानांना काही ऐकू येत नाही, आणि तुमचं सगळं बोलणं त्या दहा बोटांतच आहे. हात न सोडता आईला सांगा पाहू, की आज शाळेत मला फार वाईट वाटलं. नाही ना जमत? मग थोडा वेळ तसेच बसा. ज्या बाईची ही गोष्ट आहे तिच्या घरात काय चाललं होतं, ते त्याशिवाय कळायचं नाही.

ही बाई एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. जन्मापासून बहिरी. तिच्या लहानपणी तिला शाळेत घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही, त्यामुळे लिहिणं-वाचणं राहून गेलं. पण तिला एक थोरली बहीण होती. खेळता खेळता त्या दोघींनी हातांची एक भाषा रचली. ही भाषा कुठल्या पुस्तकात नव्हती की दुसऱ्या कुठल्या घरात नव्हती. गालावरून बोट खाली ओढलं की पाऊस, कोपर चोळलं की कंजूष माणूस. हनुवटीवर बोट टेकवलं की तिळू, कारण बाईच्या मुलीच्या हनुवटीवर तीळ होता. शेजारपाजारचेही मग तिला तिळूच म्हणायला लागले. तिळूचा बाप ती रांगत असतानाच निघून गेला होता. ही भाषा काही त्याला जमली नव्हती, आणि जमवायचीही नव्हती.

तिळू ती शिकली आईच्या मांडीवर बसून. आईचे हात बोलू लागले, की ती आपले चिमुकले पंजे त्यांच्यावर ठेवायची आणि झोपाळ्यावर बसल्यासारखी त्यांच्याबरोबर वरखाली जायची. गोष्ट संपली, की आईच्या गुडघ्यावर मुठीनं दोनदा ठोकायची. म्हणजे, पुन्हा सांग. आई पुन्हा सांगायची. मावशी हसून कपाळाला हात लावायची.

मग मावशी तापानं गेली, आणि तिचा फोन तिळूकडे आला.

फोनला उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यातून तिळू गाणी शिकली, ग्रहताऱ्यांची नावं शिकली, दूरच्या मुलींशी तिची गट्टी जमली. पण एक गोष्ट होती. ज्या हातांनी आईशी बोलायचं, त्याच हातांत आता फोन असायचा. ज्या डोळ्यांनी आईचं ऐकायचं, ते डोळेही त्यातच. आई जमिनीवर पाय आपटायची, दिव्याचं बटण चालू-बंद करायची. तिळू मान वर न करता अंगठा दाखवायची. आई धुलाईखान्यातलं काही सांगू लागली, की पहिल्या दोन खुणा बघून बाकीचं तिळू मनानंच जुळवायची आणि मान हलवायची. फोनवर तिला कुठलीच गोष्ट शेवटपर्यंत बघावी लागत नसे. बोट सरकवलं की दुसरी हजर. आईला सरकवता येत नव्हतं, म्हणून ती मान हलवायची.

एकदा तिनं फोनमधली एक बाई आईला दाखवली. ती बाई खरीखुरी खुणांची भाषा शिकवत होती, शाळेत शिकवतात ती. आई बराच वेळ पाहत राहिली, परक्या गावातल्या पाहुण्याकडे पाहावं तशी. मग तिनं छातीवर हात ठेवला आणि तोच हात तिळूच्या छातीवर ठेवला. आपली वेगळी आहे, असं तिला म्हणायचं होतं. तिळूनं तोवर फोन स्वतःकडे वळवून घेतला होता.

आणि मग आईला दुखू लागलं.

दवाखान्यात तपासणीच्या खोलीत पडद्याअलीकडे, त्यांच्या शेजारीच, आणखी दोघे रुग्ण बसले होते. डॉक्टरीणबाई कामात होत्या, पण वाईट नव्हत्या. "आईला विचार बाळ, कुठे दुखतं आणि कसं दुखतं. सावकाश सांगू दे."

आईनं सावकाश सांगितलं. तिच्या भाषेत दुखण्याला कितीतरी खुणा होत्या. सुई टोचल्यासारखं वेगळं, इस्त्रीचा चटका बसल्यासारखं वेगळं. आता तिनं दोन्ही मुठी बरगडीखाली उजवीकडे धरल्या आणि ओली चादर पिळावी तशा उलटसुलट पिळल्या. तो पीळ तिनं बोटानं मागे पाठीवर नेला, खांद्याच्या पात्याखाली. जेवण दाखवलं, जेवणानंतरचा वेळ दाखवला. मग एक बारीकशी खूण केली, दोन्ही डोळ्यांवरून बोटं फिरवून. ती खूण तिनं बहीण गेली तेव्हा केली होती. मला भीती वाटते.

तिळू बघत होती. पहिली खूण तिला ओळखीची वाटली, दुसरीपाशी ती अडखळली, आणि पुढचं सगळं नुसतंच हातांचं हलणं झालं. तिनं फोन काढला, त्यातले पिवळे चेहरे उघडले आणि आईपुढे धरले. एक रडणारा होता, एकाच्या डोक्याला पट्टी होती, एकाचे डोळे गरगरत होते. यातला कुठला?

आईनं त्या चेहऱ्यांकडे पाहिलं. फोन हळूच बाजूला सारला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. या वेळी अगदी हळू, अनोळखी माणसाला सांगावं तसं.

"काय म्हणते गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पोटात दुखतं म्हणते."

"एवढंच?"

तिळूनं फोनकडे पाहिलं. "हो. एवढंच."

पडद्याअलीकडून गुडघ्याला पट्टी बांधलेले एक आजोबा हसले. "आणि बाकीचं काय पोरी, तू खाल्लंस?"

आईला हे ऐकू आलं नाही. पण तिळूचं तोंड तिनं पाहिलं होतं. आपले हात इतका वेळ बोलले आणि लेकीचे ओठ इतकेसेच हलले, हे कळायला कान लागत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि बरं नाही वाटलं तर परत यायला सांगितलं. आईनं मान डोलावली, उठली, आणि दोन्ही हात खिशात घातले.

ते हात नंतर बाहेर आले नाहीत. म्हणजे कामाला आले. वाढलं, आवरलं, तिळूची वेणी घातली. बोलायला आले नाहीत. ताट दाखवायचं असलं तर आई ताटाकडे बघायची. खरं सांगायचं तर तिळूला आधी बरंच वाटलं. पाय आपटणं नाही, दिव्याची उघडझाप नाही. आपलं काय चुकतंय हेही तिला धड कळत नव्हतं.

शेजारच्या काकूंच्या मात्र ध्यानात आलं. "काय गं, तुझी आई हल्ली गप्प असते. भांडलात की काय?"

"काकू, ती मुकीच आहे."

"मुकी? ती? अगं, तिच्या गप्पांच्या सावल्या संध्याकाळभर तुमच्या खिडकीच्या पडद्यावर नाचायच्या. मी माझं काम टाकून बघत बसायची." काकूंनी तिळूच्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि त्या आपल्या दाराकडे वळल्या.

गोळ्या संपल्या. दुखणं संपलं नाही. आई इस्त्री करता करता टेबलाच्या कडेला पोट दाबून उभी राहते, असं धुलाईखान्यातली एक बाई दारात येऊन सांगून गेली. आणि त्याच दुपारी फोननं तिळूला विचारलं, की जागा भरत आली आहे, जुनं काही पुसू का?

तिळू पुसत सुटली. धुरकट फोटो, तेच ते फोटो. पुसता पुसता मावशीनं कधीतरी काढलेला एक व्हिडिओ लागला. फोन कशाला तरी टेकवून ठेवलेला होता. मावशी काहीतरी सांगत होती, आई हसत होती, आणि आईच्या मांडीवर होती छोटी तिळू. मावशीच्या हातांतून एक चादर झाली, एक माणूस झाला, दात झाले. पुढे हात इतके भरभर गेले, की तिळूला काही उमगेना. पण मांडीवरची ती तिळू, जिला अजून बुटाची नाडीही बांधता येत नव्हती, ती मावशीचं सांगून संपायच्या आतच खदखदून हसली, आणि आपल्या पंजांनी तिनं मावशीला उलट काहीतरी उत्तर दिलं. त्यावर दोघी मोठ्या हसून हसून वाकल्या.

तिळूनं व्हिडिओ मागे नेला. हळू करून पाहिला. आपण काय उत्तर दिलं होतं, ते तिला कळलं नाही.

आई कामावरून येऊन खाटेच्या कडेला बसली होती, कोपर बरगडीत रुतवून. तिळूनं फोन तिच्यापुढे धरला. बहीण दिसताच आईनं न राहवून तिच्या चेहऱ्याला बोट लावलं. बोट लागताच चित्र थांबलं. मावशीचे हात अर्ध्या बोलण्यात हवेत थबकले. आईनं चटकन बोट मागे घेतलं, जणू तिनंच काही बिघडवलं होतं, आणि हात परत मांडीवर ठेवून दिले.

तिळूनं फोन उशीवर पालथा ठेवला. ती खाली जमिनीवर बसली आणि आपले दोन्ही पंजे तिनं आईच्या हातांवर ठेवले. आता ते तिथे मावत नव्हते. आईचे हात गरम होते, इस्त्रीनं राठ झालेले, आणि हलत नव्हते. मग तिळूनं आईच्या बरगडीखाली, जिथे दुखत होतं तिथे, तळवा टेकवला. पुढचं विचारायला तिच्याकडे खूण नव्हती. एकच खूण तिला पक्की आठवत होती.

तिनं मूठ वळली आणि आईच्या गुडघ्यावर दोनदा ठोकली.

आईचे हात उचलले गेले नाहीत. तिळूनं डोळे त्यांच्यावरून न हलवता पुन्हा ठोकलं.