बादलच्या उशाशी

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. देवळातला नव्हे, किल्ल्यातला तर नव्हेच. माझ्यावर कुणी नाव कोरलेलं नाही. तांड्याच्या खालच्या अंगाला, लेकरं पुरायच्या जागेत, मी बादलच्या उशाशी होतो.

माझा जन्म नाल्यातला. पाण्याने घासून घासून माझे कोपरे गेले, पोटावरची पांढरी रेघ तेवढी राहिली. त्या रेघेसाठीच रूपलाने मला निवडलं. त्याचा तीन वर्षांचा मुलगा बादल तापाने गेला होता. तांड्यात लहान लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. रूपलाने मला खांद्यावरून आणलं, मातीत रोवलं आणि म्हणाला, आता कोल्ह्याच्या बापालाही हा हलायचा नाही. दगडाला याहून मोठी शाबासकी कुठे मिळते? मी फुशारलो, खोटं कशाला सांगू.

माझं काम राखणीचं. कोल्हे हुंगून जात, नखं मारून बघत. मी तसूभर हललो नाही. दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला निघून जाई आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परते. आल्या दिवशी बादलची आई गोमतीबाई उसाचं एक कांडं सोलून माझ्यासमोर ठेवी. फडावर कोण आजारी पडलं, धाकटी काय काय बोलायला लागली, सगळं सांगे. बोलता बोलता माझ्या अंगावरून हात फिरवी. तो हात मुलासाठी होता, हे मला कळत होतं. तरी मला आवडायचा.

पण शेजारचा शेतवाला दरसाल नांगराची एक सरी आत घुसवी. कडेचे दगड बांधावर भिरकावले जात. जागा आक्रसत चालली. गावातल्या नानाजींना ते बघवेना. भला माणूस. या जागेची सरकारदरबारी नोंदच नव्हती. त्यांनी हेलपाटे घातले, मोजणी आणली, तारेचं कुंपण करून घेतलं. नांगर थांबला. इथवर मीही खूश होतो.

मग जागा नीटनेटकी दिसावी म्हणून त्यांनी आम्हा सगळ्या दगडांना उपटलं. चुना फासला, त्यावर आकडे टाकले, आणि कुंपणालगत ओळीने उभं केलं. जमीन सारखी करून घेतली. फोटो निघाले. माझ्या वाट्याला सतरा आकडा आला. तांडा तेव्हा उसाच्या फडात होता, त्यामुळे विचारायचं कुणाला? ते परत येईतो थांबावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पाडव्याला गोमतीबाई आली. चुना खरवडून, रेघ शोधून तिने मला ओळखलं. मग वळून त्या सपाट मातीकडे बघितलं. रूपला एक जागा दाखवी, ती दुसरी. दोघंही चुकत होते. शेवटी नानाजींना बोलावणं गेलं. ते आले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, आमी तं चांगलंच कराले गेलो," ते म्हणाले. "एकबी दगड हरवू देला नाई."

"दगडाले काय करू, नानाजी?" गोमतीबाई म्हणाली. "माह्यं लेकरू कुठी हाय, ते सांगा."

बादल नानाजींच्या पायांशीच होता. मला ठाऊक होतं, आणि मला सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं मुका राहिलो, त्याचं दुःख त्या दिवशी झालं.

मित्रांनो, जुन्या स्मशानभूमी राखा. त्यांच्या नोंदी करा, कुंपणंही घाला. पण दगडाला हात लावण्याआधी ज्यांची माणसं तिथे निजली आहेत त्यांना विचारा. ती परगावी गेली असतील तर थांबा. मातीखालच्यांना कसलीच घाई नसते.

गोमतीबाई आता आत येत नाही. यंदा रूपलाने फाटक उघडून धरलं, चल म्हणाला. ती चपला काढून बाहेरच उभी राहिली.

"पाय कुठी ठिवू?" तिने विचारलं. "त्याच्या अंगावर पडला तं?"