आईचा उजवा गाल

स्कॅनरबाईंचं डोकं सकाळपासून ठिकाणावर नव्हतं. छापखान्यात त्यांना सगळे ह्याच नावाने हाक मारायचे आणि त्यांना त्याचा रागही नव्हता. मळके, चुरगळलेले जुने फोटो स्कॅन करून छपाईला लायक करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण आज समोर परका फोटो नव्हता. आई होती.

धाकट्या बहिणीचं पहिलंवहिलं पुस्तक छापायला आलं होतं आणि तिला पहिल्याच पानावर आई हवी होती. फोटो घरात एकुलता एक. आई खिडकीशी बसलेली, डाव्या गालावर ऊन, उजवी बाजू पार काळोखात. आई गेली तेव्हा बाई स्वतः लहान होत्या, धाकटी तर पाळण्यातच. "ताई, मला तिचा अख्खा चेहरा बघायचाय," एवढंच बोलून ती बाहेर बाकावर जाऊन बसली होती.

त्यात ह्या धाकट्या राणीसाहेबांनी कागद निवडला होता खरखरीत, शाई पिणारा. असल्या कागदावर सावली पडद्यावर दिसते त्याहून कितीतरी काळी छापली जाते. अर्ध्या चेहऱ्याचा नुसता डांबराचा गोळा झाला असता. तेव्हा सावली भरपूर उजळायची आणि उन्हाची बाजू जराशी दाबायची, नाहीतर तिथे शाईचा ठिपकाच पडत नाही, कोरा कागद दिसतो. बाईंना हे झोपेतही जमलं असतं.

त्यांनी पडद्यावर सावली वर ओढली, उजळत नेली. कान दिसला, मग केस, मग गाल. गालावर डोळ्यापासून ओठापर्यंत पांढरे डाग.

"आली का बुरशी," त्या पुटपुटल्या. जुन्या फोटोंना ती धरतेच. सवयीने त्यांनी डाग पुसायला घेतले. एक गेला, दुसरा गेला. तिसरा ओठाच्या कोपऱ्याशी होता, आणि तिथे त्यांचा हात थबकला.

बुरशी कसली, आईला कोड होतं.

ह्या बाई चक्क आईचाच गाल पुसायला निघाल्या होत्या. मग एकेक आठवत गेलं: पाहुणे आले की आई कशी भिंतीकडे तोंड करून बसायची, फोटोवाला म्हटला की कशी आत पळायची. ह्या एका फोटोतही तिने ती बाजू मुद्दाम काळोखात ठेवली होती. बाईंनी पुसलेलं सगळं घाईघाईने परत आणलं.

आता करायचं काय? उजळावं, तर आईने जन्मभर झाकलेलं चव्हाट्यावर. न उजळावं, तर पोरीला आई अर्धीच. इकडे आड, तिकडे विहीर. त्या उठल्या, तहान नसताना पाणी प्यायल्या, बसल्या, परत उठल्या. सावली वर केली, खाली केली, पुन्हा वर केली.

"बाई, छपाईची प्लेट कधी देताय? मशीन माझ्या तोंडाकडे बघत बसलंय," मशीनवाले काका दारातून म्हणाले.

"देते हो. घोड्यावर बसून येऊ नका."

काका गेले तशी बाईंनी धाकटीला आत बोलावलं. एकटीने ठरवायची ही गोष्टच नव्हती. त्यांनी चेहरा उजळून दाखवला.

धाकटी वाकली.

"हे काय आहे?"

"कोड होतं तिला. कुणाला दाखवायला आवडायचं नाही."

"तुला पापी घेऊ द्यायची ह्या गालाची?"

"हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांना ते खरंच आठवलं. "आणि तू तर तिथेच तोंड खुपसून झोपायचीस."

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते पुसायच्या भानगडीत ती पडली नाही.

"झाक, ताई," शेवटी ती म्हणाली. "पुस्तकात अर्धीच जाऊ दे. मी बघितलं, बस झालं."

बाईंनी सावली खाली ओढायला घेतली. गाल काळोखात बुडायला लागला.

"हळू," धाकटी म्हणाली. "जरा हळू झाक."